फेनियनांची कॅनडा मोहीम : थोडी भर

फेनियन म्हणजे आयर्लंडच्या स्वातंत्र्यासाठी लढणारे, अमेरिकेतले आयरिश क्रांतिकारक. त्यांच्या १८६६च्या कॅनडावरच्या मोहिमेला निव्वळ वेडेपणा म्हटलं जातं, ते मला पटत नाही. मोहिमेचा म्होरक्या जॉन ओ'नील याच्याबरोबरचे अनेक आयरिश लोक अमेरिकन यादवी युद्धात लढून तयार झालेले सैनिक होते. १ जूनला बफेलोजवळ नायगारा नदी ओलांडून दुसऱ्याच दिवशी कॅनडातल्या रिजवेला त्यांनी कॅनडाच्या नवख्या स्वयंसेवकांना पळवून लावलं! घात झाला तो पाठीमागे. अमेरिकी आरमाराच्या 'मिशिगन' बोटीने नदी अडवली, कुमक पोचलीच नाही आणि माघारी फिरलेले शेकडो जण पकडले गेले. फेनियनांना कॅनडा ताब्यात घेऊन ब्रिटनला आयर्लंड सोडायला लावायचं होतं. उलट या धास्तीने कॅनडाकडच्या ब्रिटिश वसाहतींच्या एकीला बळ मिळालं, १ जुलै १८६७ला कॅनडाचं संघराज्य झालं. तरी आयर्लंडमधल्या दुष्काळाने देशोधडीला लागलेल्या समाजातल्या त्या माणसांबद्दल मला आदरच वाटतो.