१ मे च्या गेट सभेत युक्रेनच्या कामगारांसाठी ठराव मांडायचाय, आमचे आबा म्हणतात आपला काय संबंध. काय उत्तर देऊ?

लोको_भुसावळ

नमस्कार मंडळी, जरा लांबलचक लिहितोय, सांभाळून घ्या. मी भुसावळला लोको शेडमधे फिटर आहे, बारा वर्षं झाली युनियनचं काम करतोय. दरवर्षी १ मे ला गेटवर सभा होते आणि तीन-चार ठराव होतात, पेन्शन, रिकाम्या जागा, ठेकेदारी हे ठरलेलेच. यंदा मी म्हणलं एक ठराव युक्रेनच्या कामगारांच्या बाजूने घेऊ, रशियाने सैन्य मागे घ्यावं एवढंच. तर आमचे एक आबा आहेत, १९७४ च्या रेल्वे संपात वीस दिवस घराबाहेर राहिलेले, नोकरी गेली आणि मग परत मिळाली, त्यांच्या शब्दाला आमच्यात लई मान. ते म्हणाले रशिया आपला जुना दोस्त, ७१ ला तोच आपल्या मागे उभा राहिला, हे भांडण अमेरिकेचं आणि नाटोचं, "आपले काय करनं शे?" सगळे गप्प बसले, मी पण गप्प बसलो.

पण मनातून जात नाही. २०२२ च्या फेब्रुवारीत हल्ला झाला तेव्हा मी तिकडच्या गाड्यांचे व्हिडिओ रात्र-रात्र बघायचो. डब्यातले दिवे बंद, पडदे ओढलेले, आत माणूस माणसावर, आणि गाडी अंधारात सावकाश निघालेली. रेल्वेवाल्यांनी असे सुमारे ४० लाख लोक बाहेर काढले. त्यांचा गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, १५२० मिलीमीटर, पोलंडचा १४३५, म्हणजे बॉर्डरवर एकतर लोक उतरवून दुसऱ्या गाडीत बसवा नाहीतर बोगी, म्हणजे डब्याखालचा चाकांचा सांगाडा, बदला, आणि हे काम वरून बॉम्ब पडत असताना. आपला १६७६ आहे, पण बोगी खालून काढायची म्हणजे हाताला काय लागतं ते मला माहिती आहे. ८ एप्रिल २०२२ ला क्रामातोर्स्क स्टेशनवर मिसाईल पडलं, गाडीची वाट बघणारी ५० च्या वर माणसं गेली, बायापोरं जास्त. भुसावळच्या प्लॅटफॉर्मवर रोज किती लोक पथारी टाकून झोपतात ते तुम्ही बघितलंय ना. आबांना कमीपणा न येऊ देता हे कसं सांगू?

जळगावची_आई

भाऊ, मी राजकारणातली नाही, माझा मुलगा खारकीवला मेडिकलला होता म्हणून लिहिते. सहा दिवस ते मेट्रो स्टेशनच्या खाली राहिले. २ मार्चला दूतावासाने सांगितलं शहर सोडा, पायी निघा. त्यांच्यातली काही पोरं शहराबाहेरच्या पिसोचिन गावापर्यंत चालत गेली, याला स्टेशनवर कशीतरी एक गाडी मिळाली. काही ठिकाणी आपल्या पोरांना चढू दिलं नाही, खाली ढकललं, हेही खरं आहे आणि ते मी विसरणार नाही. पण त्याच्या डब्याची जी अटेंडंट बाई होती ती चार दिवस घरी गेलेली नव्हती, तिचं स्वतःचं घर कुठल्या अवस्थेत आहे हे तिला माहीत नव्हतं. तिने रात्री एकेकाला चहा दिला, तिकडे तो धातूच्या कडीवाल्या ग्लासात देतात, आणि याच्या खांद्यावर हात ठेवून काहीतरी बोलली. याला अर्धंच कळलं. घरी आल्यावर तो पहिल्यांदा रडला तो त्या बाईचं सांगताना, बॉम्बचं सांगताना नाही. ती पण रेल्वे कामगारच ना हो? तुमच्या आबांना म्हणा, संबंध आहे.

सातपुडा_शहादा

मी थोडं उलटं बोलणार आहे, राग मानू नका. आमच्याकडे शहाद्याला ७२ पासून श्रमिक संघटनेचं काम झालं, आदिवासी पुढारी अंबरसिंग महाराजांचं नाव घेऊन लोक जमिनीसाठी उभे राहिले, तेव्हा कोण बाहेरचा आला होता? दुसरं म्हणजे युक्रेनचं सरकार काही कामगारांचं नाही. युद्ध चालू असतानाच त्यांनी कायदा केला, ऑगस्ट २०२२ ला झेलेन्स्कींनी सही केली, २५० पेक्षा कमी माणसं असलेल्या कंपनीत मालक कामगाराशी वेगळा करार करून कायद्याचं संरक्षण बाजूला ठेवू शकतो. त्याआधी मार्चमधेच दुसरा कायदा, नोकरीचा करारच स्थगित करायची सोय. मार्शल लॉमुळे, म्हणजे युद्धकाळातल्या लष्करी कायद्यामुळे, संप बंद. मग आपण ठराव कुणाच्या बाजूने करतोय? आणि गाझाचा ठराव केला का तुम्ही?

लोको_भुसावळ

दादा, गाझाचा मागच्या वर्षीच केला, आबांनीच मांडला होता. म्हणून तर मला वाईट वाटतं, तिथे त्यांना घर पडलेला माणूस लगेच दिसला. कायद्याचं तुम्ही बोललात ते मला अर्धवट माहीत होतं. पण त्या कायद्याच्या विरोधात तिथल्याच युनियन उभ्या राहिल्या की, दोन्ही मोठ्या फेडरेशन. आपल्याकडे कोरोनात, सप्टेंबर २०२० ला, कामगार कायदे बदलणारे तीन लेबर कोड पास केले तेव्हा आपण काय म्हणालो, सरकार वाईट आहे म्हणून देशावर कुणी चालून आलं तर चालेल असं कुणी म्हणालं का?

दीपनगर_रिटायर

मी ३१ वर्षं दीपनगरच्या वीज केंद्रात स्विचयार्डमधे काढली, जिथून वीज बाहेरच्या लाईनवर जाते. मला नाटो-बिटो फार कळत नाही, पण ट्रान्सफॉर्मर कळतो, त्यामुळे तेवढंच बोलतो.

१० ऑक्टोबर २०२२ पासून रशियाने तिकडच्या वीज यंत्रणेवर ठरवून हल्ले सुरू केले, थंडी तोंडावर आलेली असताना. मोठा पॉवर ट्रान्सफॉर्मर म्हणजे बाजारातून आणून बसवला असं नसतं, नवीन मागवला तर वर्ष जातं, तो जळला की आत हजारो लिटर तेल असतं ते पेटतं, काळा धूर निघतो आणि तो वास कपड्यांतून दोन दोन धुण्यांत जात नाही. तिथल्या लोकांनी ट्रान्सफॉर्मरभोवती दगड भरलेल्या जाळ्या आणि वाळूच्या गोण्या रचल्या. आणि सगळ्यात वाईट काय, एकदा मिसाईल पडतं, दुरुस्तीची गँग पोचते आणि त्याच जागी दुसरं पडतं. आम्ही ब्रेकडाऊनला जायचो तेव्हा परमिट हातात असायचं, लाईन बंद आहे, अर्थिंग केलंय, मग हात लावायचा. या माणसांना वरून काय येणार याचं परमिट कोण देणार? तरी ते जातात. एप्रिल २०२४ ला कीवजवळचं त्रिपिल्ल्याचं १,८०० मेगावॅटचं केंद्र पूर्ण गेलं. टर्बाईन हॉलचे फोटो बघितले, मी जेवलो नाही त्या दिवशी.

झापोरिझ्झियाचं अणुकेंद्र तर ४ मार्च २०२२ पासून रशियाच्या ताब्यात, युरोपातलं सगळ्यात मोठं. सैन्य येणार म्हणून एनर्होदार गावचे लोक आणि केंद्राचे कामगार रस्त्यावर आडवे उभे राहिले होते, ट्रक आणि टायर लावून. बंदुका नव्हत्या त्यांच्याकडे. सातपुडावाले दादा म्हणतात सरकार कामगारांचं नाही, बरोबर असेल, पण रस्त्यावर जे उभे होते ते कामगारच होते ना.

यावलकर_मास्तर

"कोण बाहेरचा आला होता" आणि "आपला काय संबंध" या दोन्हीचं उत्तर आपल्याच खानदेशात आहे, म्हणून लिहितो.

फैजपूर. डिसेंबर १९३६. खेड्यात भरलेलं काँग्रेसचं पहिलं अधिवेशन, अध्यक्ष नेहरू, बांबू-तट्ट्यांचं टिळकनगर चित्रकार नंदलाल बोसांनी उभं केलेलं. माझे आजोबा पंधरा वर्षांचे होते, बैलगाडीने गेले होते, भाकरी-ठेचा बांधून. सारा माफ करा, कर्ज कमी करा हे शेतकऱ्यांचे प्रश्न त्या मांडवात होतेच, आणि त्याच मांडवात नेहरू स्पेनबद्दल बोलले, अ‍ॅबिसिनियाबद्दल बोलले. स्पेनमधे सरकारवर उठलेला सेनापती फ्रँको, अ‍ॅबिसिनियात, म्हणजे आजच्या इथिओपियात, चालून आलेला इटलीचा मुसोलिनी. आजोबांना स्पेन कुठे आहे ते माहीत नव्हतं, पण "दुसऱ्याचं गाव जाळणारा उद्या आपल्याकडे येतो" एवढं ते घेऊन आले आणि मरेपर्यंत सांगायचे. तेव्हा आपण स्वतः गुलाम होतो बरं. दोन वर्षांनी, १९३८ ला, काँग्रेसने पाच डॉक्टर चीनला पाठवले, जपानच्या हल्ल्याशी लढणाऱ्यांसाठी. त्यातले सोलापूरचे डॉ. कोटणीस १९४२ ला तिथेच वारले. चीनशी त्यांचा काय संबंध होता?

अजून एक, हे कापसाचं आहे म्हणून आपल्याला लागू. १८६१ ते ६५ अमेरिकेत युद्ध होतं, उत्तरेने दक्षिणेची बंदरं अडवली, गुलामांनी वेचलेला कापूस इंग्लंडला जाईना. त्या टंचाईत आपल्या खानदेशी कापसाला सोन्याचा भाव आला. पण लँकेशायरच्या गिरण्या बंद पडल्या, कामगार उपाशी. मालक लोकांतले बरेच म्हणत होते दक्षिणेला पाठिंबा द्या, कापूस येईल. मँचेस्टरच्या कामगारांनी ३१ डिसेंबर १८६२ ला सभा घेऊन लिंकनला पत्र पाठवलं, आम्ही गुलामी मोडणाऱ्यांच्या बाजूने आहोत म्हणून. पोटात अन्न नसताना. लिंकनने जानेवारीत उत्तर दिलं. आता आपल्याकडे स्वस्त रशियन तेलाचा विषय निघतो तेव्हा मला ते पत्र आठवतं.

७१ चं आबांना असं सांगा की तेव्हा आपल्या मागे उभा राहिला तो सोव्हिएत संघ, त्यात युक्रेनही होता. १ डिसेंबर १९९१ ला युक्रेनने मतदान केलं, ९० टक्क्यांच्या वर लोक स्वतंत्र व्हायच्या बाजूने, दोनेत्स्कच्या खाणवाल्यांतसुद्धा बहुमत. आणि हल्ल्याच्या तीन दिवस आधी पुतिन टीव्हीवर काय बोलले, युक्रेन ही लेनिनने केलेली चूक आहे. आबा लेनिनचा फोटो लावणारे असतील तर हे त्यांना नक्की सांगा.

सातपुडा_शहादा

मास्तर, फैजपूरचं मला माहीत होतं, स्पेनचं नव्हतं. बरं, मी एक पाऊल मागे घेतो. ठराव करा, पण सरकारच्या नावाने नको, युनियनच्या नावाने करा आणि त्या कायद्याचा उल्लेख घाला. आणि रशियातल्या, बेलारूसमधल्या कामगारांना विसरू नका. रशियातल्या मोठ्या अधिकृत फेडरेशनने युद्धाला पाठिंबा दिला ही शरमेची गोष्ट, पण सगळे तसे नाहीत.

लोको_भुसावळ

बेलारूसचं तर मी आधीच लिहायला हवं होतं. तिथल्या रेल्वेवाल्यांनी मार्च २०२२ मधे ट्रॅकशेजारचे सिग्नलचे रिले बॉक्स जाळले, म्हणजे सिग्नल बंद, रशियाच्या रणगाड्यांच्या गाड्या हळू चालवायला लागतात. पकडताना काहींच्या पायावर गोळ्या मारल्या, मग लांबलचक शिक्षा. एप्रिलमधे युनियनचे पुढारीही उचलले. मी तसला बॉक्स रोज बघतो, आत वायरींचं जंगल असतं. तो पेटवताना त्या माणसाला आपलं पुढे काय होणार हे माहीत असणारच.

आज ड्यूटीवरून येऊन मसुदा लिहिला, बघा जमतंय का: "आम्ही भुसावळचे रेल्वे कामगार, आक्रमणाशी झुंजणाऱ्या युक्रेनच्या रेल्वे, खाण, वीज आणि दवाखान्यातल्या कामगारांसोबत आहोत. रशियाने आपलं सैन्य मागे घ्यावं. युक्रेन सरकारने युद्धाच्या आडून कामगारांचे काढलेले हक्क परत द्यावेत. युद्धाला विरोध केला म्हणून रशिया आणि बेलारूसमधे तुरुंगात असलेल्या कामगारांना सोडावं. एजंटांनी हेल्परची नोकरी सांगून रशियन सैन्यात नेऊन घातलेल्या भारतीय तरुणांना आपल्या सरकारने परत आणावं."

शेवटचं वाक्य आबांमुळे सुचलं. काल संध्याकाळी त्यांच्या घरी गेलो होतो, मास्तरांचं फैजपूरचं वाचून दाखवलं. बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले त्या एजंटवाल्या पोरांचं घाल, ते आपल्यासारख्यांच्याच घरचे आहेत. ठरावाला हो म्हणाले नाहीत अजून, पण सभेत बोलायला त्यांनी मला दहा मिनिटं दिलीत.

जळगावची_आई

माझा मुलगा १ मे ला सुट्टीवर आहे. तो येईल, चालत असेल तर दोन मिनिटं तो बोलेल. त्या बाईचं सांगेल.

लोको_भुसावळ

ताई, नक्की पाठवा. सकाळी साडेआठ, शेडचं मेन गेट. माझ्या दहातली पाच मिनिटं त्याची.