माय आयसीयूत आहे, हिमोग्लोबिन घसरतंय, रक्त लावायच्या आधी काय विचारू?

आम्ही तळोद्याकडचे, माय (वय ५२) ११ दिवसांपासून जळगावला आयसीयूत आहे. आधी साधा ताप-खोकला म्हणून गावातच गोळ्या घेतल्या, मग दम लागायला लागला, तपासणीत स्वाइन फ्लू निघाला आणि दोन्ही फुफ्फुसात न्यूमोनिया. ७ दिवस व्हेंटिलेटर होतं, कालपासून मास्कवर आणलंय, डोळे उघडते, मला ओळखते.

पण भरती केलं तेव्हा एचबी ११.२ होतं, मग ९.८, परवा ८.४ आणि आज ७.३. कुठं रक्त गेलेलं नाही, संडास काळी नाही, सोनोग्राफीत पण काही नाही. आरडीडब्ल्यू १८.१ आलंय, डॉक्टर म्हणे लाल पेशी लहानमोठ्या झाल्यात, इन्फेक्शनमध्ये होतं, ७ च्या खाली गेलं की एक पिशवी लावू. माणूस चांगला आहे पण राउंडला दोन मिनिटं थांबतो, तेवढ्यात माझ्या तोंडून शब्द फुटत नाही. आमच्याकडे पेशी म्हटलं की सगळ्यांना डेंग्यूच आठवतो, मामा पपईच्या पानांचा रस घेऊन आला होता, त्याला समजावलं की प्लेटलेट २ लाखाच्या वर आहेत, प्रश्न लाल पेशींचा आहे. फेरिटिन १४०० च्या वर आहे, म्हणजे लोह भरपूर आहे ना, मग रक्त का बनत नाही?

आणि एक गोष्ट आज रात्री आठवली, तेव्हापासून झोप नाही. माझी धाकटी बहीण शाळेतल्या तपासणीत सिकलसेलची (लाल पेशी कोयत्यासारख्या वाकतात तो आनुवंशिक आजार) वाहक निघाली होती. मायची टेस्ट कधी झालीच नाही आणि डॉक्टरांना हे सांगितलेलंच नाही. रक्त लावल्यावर टेस्ट केली तर चालेल का?

प्रतिसाद: भाऊ, राउंडची वाट बघू नको, आत्ताच नाईटच्या सिस्टरला सांग आणि कागदावर लिहून दे. मी धुळ्याला लॅबमध्ये आहे. पिशवी लावली की दुसऱ्याच्या पेशी मिसळतात आणि इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी या सिकलसेलच्या टेस्टचा रिपोर्ट फसवतो, म्हणून सॅम्पल आधी काढून ठेवायला सांग, पण रक्ताची तातडी आलीच तर टेस्टसाठी अडून बसू नका. माय नुसती वाहक असेल तर एचबी असं पडत नाही. फेरिटिन सूज असली की वाढतंच, तेव्हा लिव्हर हेप्सिडिन नावाचं हार्मोन जास्त सोडतं आणि लोह साठ्यातच अडकून बसतं, रक्त बनवणाऱ्या हाडातल्या मज्जेला मिळत नाही. पण लाल पेशी साधारण १२० दिवस जगते, नुसतं बनणं थांबलं म्हणून ११ दिवसात ४ ग्रॅम उतरत नाही. रोज तपासायला काढलेलं रक्त, सलाइनने पातळ होणं हे आहेच, तरी पेशी फुटतायत का ते बघायलाच हवं. रेटिक काउंट (नव्या लाल पेशी किती बनतायत), एलडीएच, इनडायरेक्ट बिलिरुबिन (दोन्ही पेशी फुटल्या की वाढतात), कूम्ब्स (शरीरच स्वतःच्या लाल पेशींवर उलटलंय का) आणि स्मिअर (काचपट्टीवर पेशी बघणं) झालंय का विचार. लघवी काळपट लाल होतेय का तेपण.

धागाकर्ता: सांगितलं दादा. सिस्टरने लगेच डॉक्टरांना फोन लावला, सॅम्पल आत्ताच काढलं. लघवी पिवळीच आहे म्हणाली. स्मिअर आणि कूम्ब्स सकाळी पाठवणार आहेत, रिपोर्ट आला की इथेच टाकतो, बघाल ना?