पडवीपेक्षा आतली खोली बघा

कोकणातल्या घरून कॉम्प्युटरवर काम करायचं तर पडवीत टेबल टाका, असं कुणी कुणी सुचवतं. थंडीत छानच वाटेल, पण कोकणात जूनपासून वारा नैऋत्येकडून येतो, त्या अंगाच्या पडवीत झड थेट कीबोर्डवर! झाप (माडाच्या विणलेल्या झावळ्या) बांधले तरी हवेतला ओलावा थांबत नाही. पूर्वेला खिडकी असलेली आतली खोली घ्या.

टेबल चिऱ्याच्या भिंतीला चिकटवू नका, चिऱ्याचा जांभा दगड पाणी धरतो. वीतभर जागा सोडली की मागचे प्लगही कोरडे राहतात. घरातलं जुनं फणसाचं टेबल असेल तर तेच वापरा. भुशाचा बोर्ड पावसाळ्यात फुगतो.

खरी काळजी विजेची. २०२० च्या निसर्ग वादळानंतर दापोली-मंडणगडकडची कितीतरी गावं दिवसेंदिवस अंधारात होती. तेवढ्याला कुठलाच इन्व्हर्टर पुरणार नाही, पण रोजच्या तासा-दोन तासांसाठी राउटरला छोटा यूपीएस जोडाच (अडॅप्टरवरचं व्होल्टेज बघून घ्या, बहुतेकदा १२ असतं). मे अखेरीस आणि ऑक्टोबरात गडगडायला लागलं की मात्र सरळ प्लग काढा. इंटरनेटच्या फायबरच्या काचेतून वीज येत नाही, अडॅप्टरमधून येते. आणि अर्थिंग वायरमनकडून मोजून घ्या, कातळावरच्या घरांत ते बऱ्याचदा कच्चं असतं.