नो पार्किंगचं चलन: भांडायचं की भरून मोकळं व्हायचं?

पेठकर: आमच्या पेठेत सम-विषम पार्किंग. विषम तारखेला गाडी पी-१ पाटीच्या बाजूला लावायची, सम तारखेला पी-२ च्या. बहिणीच्या स्कूटरला परवा सकाळी नो पार्किंगचं ई-चलन आलं, ५०० रुपये. फोटो उघडला तर नंबरप्लेट आणि अर्धं मडगार्ड. रस्ता कुठला, पाटी कुठंय, काही कळत नाही. पाटी तशीही दिसली नसती, तिच्यावर कुणा भाऊंच्या वाढदिवसाचा फ्लेक्स आहे. माझं म्हणणं, तक्रार करायचीच. आज मुकाट भरलं की पहिला गुन्हा कबूल, मग मोटार वाहन कायद्याच्या कलम १७७ प्रमाणे पुढच्या वेळी १५००.

डेक्कनवाला: पाटी दिसली नाही म्हणे! पेठेत राहता ना? तिथल्या शाळकरी पोरालाही ठाऊक असतं की ३१ नंतर १ आली की बाजू बदलत नाही. दोन्हीकडे गाड्या लागल्या की अँब्युलन्स अडकते, तेव्हा हेच लोक पोलिसांच्या नावानं बोटं मोडतात. पाचशेसाठी किती कीस काढायचा?

पेठकर: मला ठाऊक आहे हो. बहीण नगरहून आलेली, तिनं काय पंचांग बघून गाडी लावायची? पाहुण्यासाठीच तर पाटी असते.

काळा कोट: भावनेचं राहू द्या. चलनाची रक्कम म्हणजे त्याच कायद्याच्या कलम २०० खालचं तडजोड शुल्क, म्हणजे खटला न चालवता प्रकरण मिटवायचे पैसे. ते नाकारून ‘मला मान्य नाही’ म्हणायचा हक्क आहे, मग निकाल कोर्ट देतं. त्याआधी महाट्रॅफिक अ‍ॅपवर तक्रार टाका. पण फ्लेक्सनं झाकलेली पाटी आणि गाडीची जागा एकाच फोटोत घ्या, आजच. वाढदिवस झाला की फ्लेक्स उतरतो आणि तुमचा पुरावाही. तक्रार फेटाळली तर मात्र कोर्टात अर्धा दिवस जातो, तो धरूनच ठरवा.

डेक्कनवाला: म्हणजे पाचशे वाचवायला अर्धी रजा. वा!

निवांत: एवढी धावपळ कशाला? लोकअदालत येईपर्यंत थांबा, कमी पैशात मिटतं. माझी चार चलनं तशीच पडून आहेत.

डेक्कनवाला: तुमच्यासारख्यांमुळेच वेळेवर भरणारा येडा ठरतो.

पेठकर: निवांतराव, मला सवलत नकोय, चलन रद्द व्हायला हवंय. लोकअदालतीत तडजोड होते, चूक कुणाची हे ठरत नाही.

काळा कोट: बरोबर. शिवाय तिथल्या निवाड्यावर अपीलही नाही, १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याचं कलम २१.

निवांत: चूक कुणाची हे कळून काय करायचंय? खिशातून कमी गेले की झालं.

डेक्कनवाला: पेठकर, निवांतरावांच्या बाबतीत तुमचं-माझं जमलं. पाहुण्यांचा मुद्दाही समजू शकतो. पण यजमान घरात असताना गाडी चुकीच्या बाजूला लागलीच कशी?