शॅम्पेन प्रांतात बघण्यासारखं काय आहे? (सोसायटी ग्रुपवरची चर्चा)

*सोनवणे काका (ए-१०३):* नमस्कार मंडळी. मे महिन्यात आम्ही दोघं लेकीकडे पॅरिसला जातोय. ती म्हणते, एक दिवस शॅम्पेन प्रांतात जाऊन या. आता आम्ही दोघंही घेणाऱ्यांतले नाही. मग तिथे जाऊन करायचं काय? देशपांडे वहिनी, तुम्ही फ्रान्सला होतात ना? जरा सांगा.

*देशपांडे वहिनी (बी-५०२):* हो काका, ह्यांच्या नोकरीमुळे आम्ही रँसला राहत होतो. त्या प्रांतातलं ते मोठं शहर. अगदी नक्की जा. मीही घेत नाही, पण कुणी पाहुणे आले की त्यांच्याबरोबर हमखास तळघरं बघायला जायचे. खरं बघण्यासारखं तिथे जमिनीच्या खाली आहे.

रँस शहर खडूसारख्या पांढऱ्या, मऊ दगडावर वसलंय. रोमन काळापासून लोकांनी हा दगड बांधकामासाठी काढला. काढायची पद्धत अशी, की वर तोंड लहान ठेवायचं आणि खाली जावं तसं रुंद करत न्यायचं. त्यामुळे आत उभं राहिलं की आपण एका उंच पिरॅमिडच्या पोटात आहोत असं वाटतं, आणि उजेडाचा चौकोन पार वर दिसतो. काही खाणी ३० मीटर खोल आहेत. पुढे वाइनवाल्यांनी त्या घेतल्या आणि बोगद्यांनी जोडल्या. बाहेर बर्फ असो की उन्हाळा, आत १०-१२ अंश. भिंत ओलसर लागते, हात फिरवला तर बोटांना पांढरी पूड चिकटते. जुन्या खाणकामगारांच्या हत्यारांचे ओरखडेसुद्धा दिसतात.

*प्रथमेश (सी-२०१):* वहिनी, डॉम पेरिन्यॉन नावाच्या साधूने शॅम्पेन शोधली ना? बुडबुडे बघून तो म्हणाला, मी तारे पितोय. असं वाचलंय कुठेतरी.

*देशपांडे वहिनी (बी-५०२):* गोष्ट छान आहे, पण ती नंतर रचलेली. माणूस मात्र खरा. ओव्हिले गावच्या मठात १६६८ पासून १७१५ मध्ये वारेपर्यंत तो कोठाराचा कारभारी होता. फ्रान्सचा राजा चौदाव्या लुईचं आणि त्याचं जन्मसाल एकच, मृत्यूचंही एकच. त्याची कबर तिथल्या चर्चमध्ये आहे.

त्याच्या काळी बुडबुडे म्हणजे वाइन बिघडल्याची खूण होती. हा भाग उत्तरेकडचा, थंडी लवकर पडते. थंडीने पिंपातलं आंबणं मध्येच थांबायचं, वसंतात ऊब आली की बाटलीत पुन्हा सुरू व्हायचं. वायू कोंडला की बाटल्या फुटायच्या, आणि एक फुटली की शेजारच्या घेऊन जायची. पेरिन्यॉनला हे नकोच होतं. त्याचं मोठेपण दुसरीकडे आहे. वेगवेगळ्या बागांच्या द्राक्षांचा मेळ तो उत्तम साधायचा. काळ्या द्राक्षांपासून स्वच्छ पांढरी वाइन काढण्यातही तो तरबेज होता. आणि साखर घालून वाइनला फेस आणतात, हे क्रिस्टोफर मेरेट नावाच्या इंग्रजाने १६६२ सालीच लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडलं होतं. इंग्लंडमधली काच कोळशाच्या भट्टीतली, जास्त मजबूत. ती तो दाब सोसायची.

*प्रथमेश (सी-२०१):* म्हणजे शोध कुणा एकाचा नाहीच!

*देशपांडे वहिनी (बी-५०२):* नाहीच. पण एक नाव घ्यायचंच झालं तर मी एका बाईचं घेईन. बार्ब-निकोल पोन्सार्दँ, म्हणजे मादाम क्लिको. १८०५ मध्ये नवरा गेला तेव्हा ती २७ वर्षांची, पदरात लहान मुलगी. त्या काळच्या फ्रान्समध्ये नवऱ्याच्या परवानगीशिवाय बायकांना धंदा करता येत नसे. विधवेला मात्र मुभा होती. सासऱ्यांना पटवून तिने घरचा वाइनचा धंदा हातात घेतला. नेपोलियनच्या लढायांनी व्यापार बसला होता. १८१४ मध्ये लढाई थांबतेय असं दिसताच व्यापारावरची बंदी उठायची वाटसुद्धा न बघता तिने जहाजात दहा हजारांवर बाटल्या भरून रशियाला रवाना केल्या. बाकीचे व्यापारी जागे होईपर्यंत हिचा माल तिथे पोचला होता.

त्याहून मोठं काम तिच्या तळघरात झालं. फेसासाठी वाइन बाटलीत दुसऱ्यांदा आंबवतात, त्यानंतर यीस्टचा गाळ बाटलीतच राहतो आणि वाइन गढूळ दिसते. तो काढायचा तर वाइन दुसऱ्या बाटलीत ओतावी लागे, म्हणजे फेस गेला. १८१६ च्या सुमारास तिने लाकडी फळीला भोकं पाडून घेतली आणि बाटल्या मान खाली करून त्यात खोचल्या. मग रोज प्रत्येक बाटलीला थोडासा झटका, थोडासा पीळ, थोडी अधिक उभी. काही आठवड्यांत सगळा गाळ बुचापाशी उतरतो. बूच काढलं की आतल्या दाबाने तो उडून जातो आणि मागे राहते ती नितळ वाइन. हल्ली बहुतेक ठिकाणी यंत्रं हे करतात, पण त्या फळ्या अजून आहेत. हाताने फिरवणारा माणूस दिसला तर थांबून बघा. दोन्ही हात एकाच वेळी दोन बाटल्यांवर, आणि काचेचा तो खट-खट आवाज. अशा हजारो बाटल्या दिवसाला.

*शिंदे दादा (ए-४०४):* वहिनी, बागा कशा आहेत तिकडच्या? मांडव की तारेवर?

*देशपांडे वहिनी (बी-५०२):* तारेवर, दादा, आणि अगदी बुटक्या. तीनच जाती मुख्य: शार्दोने, पिनो न्वार आणि मनिए. तोडणी यंत्राने करायला बंदी आहे, कारण काळ्या द्राक्षाचा घड अख्खाच दाबयंत्रात जायला हवा, नाहीतर सालीचा रंग उतरतो. दाबायलाही मर्यादा आहे: ४००० किलो द्राक्षांतून २५५० लिटर रस, त्यापुढचा शॅम्पेनला चालत नाही. आणि तिथलेही वेल फिलॉक्सेरा किडीने मेले होते, म्हणून जवळजवळ सगळ्या बागा अमेरिकन खुंटावर कलम केलेल्या.

तुम्हाला आवडेल अशी एक गोष्ट सांगते. बागा बहुतेक शेतकऱ्यांच्या, पण नाव आणि पैसा व्यापारी घराण्यांचा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पिकं सारखी बुडत होती, आणि काही व्यापारी बाहेरच्या प्रांतातली स्वस्त वाइन आणून शॅम्पेन म्हणून विकत होते. १९११ मध्ये शेतकरी उठले. पिंपं फोडली, गोदामं जाळली, सरकारला सैन्य आणावं लागलं. आज हद्दीचे आणि मालाचे जे कडक नियम आहेत त्यामागे हा संताप आहे. म्हणून माझं मत, मोठ्या घराण्याबरोबर एखाद्या लहान शेतकऱ्याकडेही जा. आधी वेळ ठरवून गेलात तर तो स्वतः दाखवतो.

*शिंदे दादा (ए-४०४):* हे पटलं. शेतकऱ्याचं कुणी सांगत नाही.

*पाटील सर (बी-१०१):* पहिल्या महायुद्धात हा भाग आघाडीवरच होता ना?

*देशपांडे वहिनी (बी-५०२):* हो सर. जर्मन सैन्य शहरातून मागे हटलं, पण जवळच्या टेकड्यांवर ठाण मांडून १९१८ पर्यंत तोफा डागत राहिलं. बहुतेक घरं पडली. लोक याच तळघरांत राहायला गेले. बाटल्यांच्या रांगांमध्ये खाटा, दवाखाना, चर्चची प्रार्थना, मुलांची शाळासुद्धा. मला त्या जागेबद्दल सर्वांत जास्त वाटतं ते यामुळे. गाइड चवीबद्दल भरभरून बोलतात, पण तुम्ही शाळेबद्दल मुद्दाम विचारा.

आणि सर, तुम्ही कधी गेलात तर आत्मसमर्पणाचं संग्रहालय चुकवू नका. ७ मे १९४५ ला जर्मनीच्या शरणागतीवर पहिली सही रँसच्या एका शाळेत झाली. ती खोली, भिंतीवरचे लष्करी नकाशे, सगळं तसंच ठेवलंय.

*कुलकर्णी काकू (सी-३०२):* अगं पण पायऱ्या किती? सोनवणे वहिनींचे गुडघे दुखतात.

*देशपांडे वहिनी (बी-५०२):* बरं झालं विचारलंत, काकू. रँसच्या पोमरी घराण्याच्या तळघरात ११६ पायऱ्या आहेत, जागा देखणी पण वहिनींना नको. जवळच्या एपर्ने गावात मर्सिए घराण्याचं तळघर आहे, तिथे लिफ्टने उतरून छोट्या गाडीत बसून बोगदे बघता येतात. १८८९ च्या पॅरिस प्रदर्शनासाठी २४ बैल जुंपून नेलेलं त्यांचं अवाढव्य पिंपही तिथेच आहे. बुकिंगच्या वेळी लिफ्टची चौकशी करा आणि आत शाल लागतेच. चव घेतलीच पाहिजे असं कुणी म्हणत नाही, आधी सांगून ठेवलं की झालं.

*सोनवणे काका (ए-१०३):* वा, मला वाटत होतं नुसता पिण्याचाच कार्यक्रम असेल. मग दिवस कसा लावायचा?

*देशपांडे वहिनी (बी-५०२):* पॅरिसच्या गार द लेस्त स्टेशनवरून रँसची वेगवान गाडी पाऊण तासात पोचते, तिकीट आधी काढा, ऐनवेळी महाग पडतं. सकाळी कॅथीड्रल करा, प्रवेश मोफत. फ्रान्सच्या बहुतेक राजांचे राज्याभिषेक तिथे झाले. समोरून डावीकडच्या दारापाशी हसरा देवदूत शोधा. १९१४ च्या आगीत त्याचं मुंडकं तुटून पडलं होतं, ते पुन्हा बसवलंय. आत मागच्या बाजूला चित्रकार शगालच्या निळ्या काचा आहेत, तिथे वहिनींना निवांत बसू द्या. दुपारी लोकल गाडीने एपर्ने, साधारण अर्धा तास, मग मर्सिए. संग्रहालय करायचं असेल तर सुट्टीचा वार बघून घ्या. लेकीचा नंबर मला वेगळा पाठवा, बुकिंगचं तिच्याशीच बोलते.

*सोनवणे काका (ए-१०३):* पाठवतो लगेच. हिला वाचून दाखवलं, ती म्हणते शाल आजच काढून ठेवते.