तिरका मोनोस्पेस: सोय की फॅशन?

म्हापशेकर: काल 'रेघोट्या'ने लिहिलं, 'तिरका मोनोस्पेस सॅन्स म्हणजे टाइपरायटरचं भूत, कोडमध्ये त्याचं काय काम?' मोनोस्पेस सॅन्स म्हणजे प्रत्येक अक्षराला सारखीच रुंदी असलेला, टोकांना शेपट्या नसलेला टाइप. रात्रभर डोक्यात राहिलं, म्हणून लांबण लावतोय. मला लाल-हिरवा वेगळा दिसत नाही. कोड लिहायचा एडिटर कॉमेंट (माणसासाठीची टीप) हिरवट दाखवतो, स्ट्रिंग (अवतरणातला मजकूर) तांबूस. मला दोन्ही चिखल. कॉमेंट तिरकी केली की नजर आपसूक ती ओलांडते, आणि रुंदी तीच असल्याने रकाने जागचे हलत नाहीत. तुम्हाला फॅशन, मला आंधळ्याची काठी.

रेघोट्या: डोळ्यांचं ठाऊक नव्हतं. पण भूतच ते! लेटर गॉथिक हा असाच टाइप आयबीएमने टाइपरायटरसाठीच काढला ना? १९६१ च्या सिलेक्ट्रिक टाइपरायटरवर तिरकं हवं तर अक्षरांचा अख्खा गोळा बदलायचा. ती यंत्राची मजबुरी. आज सरळ अक्षर ढकलून वाकडं करायचं आणि त्याला ऑब्लिक म्हणायचं? माझ्या १३६६ बाय ७६८ च्या स्क्रीनवर तिरका एल म्हणजे जिन्याच्या पायऱ्या. स्लॅशशेजारी आला तर जुळी भावंडं.

फोंड्याची_शाई: ढकललेलं आणि आखलेलं एकच का? 'ओ' नुसता ढकलला की एका कर्णावर जाड, दुसऱ्यावर बारीक होतो. आखणारा ते हाताने सावरतो. जेटब्रेन्स मोनो या कोडच्या फॉन्टचं इटॅलिक ९ अंशच कललंय, इतरांचं ११-१२. स्क्रीन बदल, बाबा.

माड_आणि_मी: रोमनचं कौतुक पुरे. बहिणीच्या पत्रिकेत प्रेसवाल्याने देवनागरीला इटॅलिकचं बटण दाबलं. शिरोरेषा आडवी, काने मात्र पावसात कललेल्या माडासारखे. आपल्या लिपीला हे सोसत नाही, आणि समान रुंदी तर नाहीच नाही.

तियात्रवेडो: म्हणून सांगतो, कोंकणी रोमीत, म्हणजे रोमन लिपीत लिहा. तिरकं फुकट मिळतं! १९८७ च्या गोव्याच्या राजभाषा कायद्याने देवनागरी लादली, आता भोगा.

माड_आणि_मी: लादली? पत्रिका मराठी होती! त्याच कायद्यात मराठीच्या वापराचीही तरतूद आहे, ते सोयीस्कर विसरता.

तियात्रवेडो: तरतूद वाचली. बसच्या पाटीवर कुठली लिपी, तेही वाचा एकदा.

फोंड्याची_शाई: झालं सुरू. एलच्या पायऱ्यांवरून थेट गोवा महाराष्ट्रात जावं की नाही त्या जनमत कौलापर्यंत जाणार आता.

म्हापशेकर: लिपीला सोसत नाही म्हणणाऱ्यांनो, माझी आई पणजीत देवनागरी टायपिस्ट होती. आधी अर्धा ख, मग वेगळ्या कळीने काना. उकाराची कळ दाबली की गाडी पुढे सरकायचीच नाही. अशी ठोकून-ठोकून बसवली मराठी समान घरांत. सुबक? मुळीच नाही. आई स्वतःच त्या अक्षराला 'दात पडलेलं' म्हणायची.

माड_आणि_मी: म्हणजे माझंच खरं.

म्हापशेकर: सुबक नाही म्हटलं, जमत नाही असं नाही.

रेघोट्या: बरं, कॉमेंटपुरता तिरका मान्य, तोही म्हापशेकरांच्या डोळ्यांसाठी. स्ट्रिंगला लावलात तर पुन्हा भांडेन. आणि ती पत्रिका सरळ अक्षरात छापून घ्या.

माड_आणि_मी: बहीण आता दोन मुलांची आई आहे रे.