मदत हवी आहे : ‘नुक्कड’मधले गणपत हवालदार अजय वढावकर यांची मराठी कामं

१९८६ साली दूरदर्शनवर लागलेल्या ‘नुक्कड’ या हिंदी मालिकेतला गणपत हवालदार आठवतो ना? ती भूमिका करणारे अजय वढावकर २०१५ मध्ये गेले. मालिकेतली गुरू आणि खोपडी ही पात्रं लोकांच्या लक्षात राहिली, पण त्या नाक्यावरचा मराठी हवालदार इतका खरा उभा करणाऱ्या नटाबद्दल फारसं कुणी लिहिलेलं नाही. नाशिकला आमच्या वाचन कट्ट्यावर त्यांच्या कारकिर्दीवर अर्धा तास बोलायचं आहे.

इंटरनेटवरच्या याद्या पाहून झाल्या. त्यांत हिंदी कामंच जास्त, आणि एका यादीतलं साल दुसरीशी जुळत नाही. यूट्यूबवर मिळतात ते ‘नुक्कड’चे भाग श्रेयनामावलीसकट पाहिले. निधनानंतरच्या बातम्याही वाचल्या, पण सगळ्या ‘नुक्कड’पाशीच थांबतात. शालिमारजवळ कालिदास कलामंदिरात जुनी नाटकं पाहिलेल्या दोन-तीन ज्येष्ठांना विचारलं. चेहरा सगळ्यांना आठवतो, नाटकाचं नाव कुणालाच नाही.

मुंबईला जाऊन शोधणं सध्या शक्य नाही आणि कार्यक्रम याच महिन्यात आहे. घरच्यांचे फोन नंबर नकोत, त्यांना त्रास द्यायचा नाही. ‘बहुतेक त्या मालिकेत होते’ एवढ्यावर मी बोलणार नाही. नाटकाची जाहिरात, कात्रण किंवा श्रेयनामावलीचा फोटो असा काहीतरी आधार हवा.

तर मुंबई दूरदर्शनच्या कोणत्या मराठी मालिकांत आणि रंगभूमीवर कोणत्या नाटकांत त्यांनी काम केलं, साधारण कोणत्या साली, आणि त्याचा पुरावा कुणाकडे आहे का?